वॉरंटीत बसणारा आवाज

“हात लावलास तर बघ! लांब हो! लांबून ऐक!”

बोटीवाले काका अंगणात उभे राहून ओरडत होते, आणि ज्याला त्यांनी स्वतःच निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं तो अस्लमभाई मेकॅनिक दोन्ही हात वर करून दगडी गडग्यापलीकडे, भर रस्त्यात उभा होता. मधे पेरूच्या सावलीत काकांची पिकअप गाडी. इंजिन चालू, बॉनेट बंद. अस्लमभाई मान तिरकी करून तिचा आवाज ऐकत होता. डॉक्टरानं शेजारच्या गावात बसून पेशंटची नाडी बघावी, तसा काहीसा तो देखावा होता.

“काका, बॉनेट तरी उघडू?”

“बॉनेट उघडलंस म्हणजे हात लावलास. बाहेरच्या माणसाचा हात लागला की वॉरंटी गेली. काय ते तिथनंच तोंडानं सांग.”

“तोंडानं सांगायला मी काय ज्योतिषी आहे?”

तरी अस्लमभाई भला माणूस. त्यानं आणखी थोडा वेळ ऐकलं, “वेगळा आवाज तर काही येत नाही, पण काहीतरी बिघडलंय खरं,” एवढं निदान केलं आणि हात खिशात घालून निघून गेला. जाताना त्यानं गाडीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण नजर लागून वॉरंटी जाते की काय, हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.

मांडवीत काकांच्या घरी माडीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. गुहागरहून नोकरीसाठी रत्नागिरीत आलेला मास्तर, एकटा जीव, त्यामुळे घरमालकांच्या घरातल्या प्रत्येक भांडणाला साक्षीदार म्हणून माझी आपोआप नेमणूक झाली. काका आयुष्यभर बोटीवर होते. बोटीवर म्हणजे मोठ्या मालवाहू जहाजांवर, खाली इंजिनखोलीत. त्यांच्या सांगण्यावर जायचं तर जगातल्या निम्म्या समुद्रांत जहाज बंद पडलं की तिथली माणसं डोळ्यांवर हात धरून काकांची वाट बघत. एकदा म्हणे भर अटलांटिकात इंजिन बसलं. कॅप्टन रडायला लागला. काकांनी एका हातात चहाचा कप तसाच धरून दुसऱ्या हातानं हातोडा असा काही मारला, की जहाज सुरू तर झालंच, वर ठरल्या दिवसाआधी बंदरात पोचलं, आणि तिथं जागा रिकामी नव्हती म्हणून बाहेर ताटकळत राहिलं.

असा माणूस घरी येऊन एक पिकअप घेतो आणि तिच्या बॉनेटला बोट लावायला घाबरतो, हे माझ्या काही केल्या पचनी पडेना. एकदा विचारलंच. काका शांतपणे म्हणाले, “मास्तर, जहाजाला वॉरंटी नव्हती. म्हणून दुरुस्त करता यायचं.”

गाडी घेतली होती आंब्यासाठी. पावसच्या बाजूला त्यांच्या मूळ गावी हापूसची बाग होती, आणि पेट्या दुसऱ्याच्या टेम्पोनं पाठवायच्या म्हणजे दरवर्षी त्या टेम्पोवाल्याची मिनतवारी. आपली गाडी, आपला आंबा, हे काकींचं स्वप्न. पण शोरूममधल्या माणसानं किल्लीबरोबर काकांच्या हातात वॉरंटीची पुस्तिका दिली आणि तिथं घात झाला. काकांनी ती वाचली. आजवर जगात ती पुस्तिका वाचलेला हा पहिला मनुष्य असावा; छापणाऱ्यानंही वाचली नसेल. रोज सकाळी आंघोळ, मग देवपूजा, मग ओटीवर बसून पुस्तिकेचं एक पान. काय काय वॉरंटीत बसत नाही ते मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही सगळ्यांनी ऐकायचं.

समुद्राच्या खाऱ्या हवेनं धरलेला गंज वॉरंटीत बसत नाही, असं एका पानावर होतं. आता मांडवीत समुद्र घराच्या इतका जवळ, की भरतीला त्याची गाज आमच्या आमटीत पडते. काका दोन दिवस समुद्राकडे फार रागानं बघत होते. मग त्यांनी गाडी समुद्राकडे पाठ करून उभी करायला सुरुवात केली, तिच्यावर ताडपत्री घातली, आणि संध्याकाळी वारा सुटला की ताडपत्रीचं एक टोक त्यांनी धरायचं आणि दुसरं मी. एकदा असा वारा सुटला की मी ताडपत्रीसकट उचलला गेलो आणि शेजाऱ्यांच्या परसात, त्यांच्या वाळत घातलेल्या कोकमांवर उतरलो. काका गडग्यावरून डोकावले. मला वाटलं, लागलं का विचारतील. त्यांनी विचारलं, “ताडपत्री फाटली नाय ना?”

वापरानं झालेली झीज वॉरंटीत बसत नाही, असं दुसऱ्या पानावर होतं. म्हणून काका हॉर्न वाजवत नसत. वळणावर खिडकीतून मान बाहेर काढून स्वतः ओरडत. “ए, बाजूऽऽ!” इंजिनखोलीत कमावलेला तो गळा. माझी पैज आहे, त्या आवाजानं पुढची म्हैसच काय, समोरून येणारी एसटीसुद्धा रिव्हर्समध्ये गेलेली मी पाहिली आहे. सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर बसलं की उठताना आपण थोडे मागे राहायचो.

मर्यादेपेक्षा जास्त भार घातल्यास वॉरंटी संपेल, हे पान तर त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी मला पहिल्यांदा गाडीतून बाजारात नेलं तेव्हा दार उघडण्याआधी माझं वजन विचारलं. परतताना माझ्या हातात भोपळा होता. तो त्यांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, “हा रिक्षानं पाठवूया.” आणि खरोखर, आम्ही पुढं, भोपळा मागं रिक्षात एकटा, असे घरी आलो.

आंब्याचा मोसम आला तेव्हा कहर झाला. पेट्या भरलेल्या, गाडी दारात धुऊन-पुसून उभी, आणि काका काही केल्या पेट्या चढवू देईनात. रस्त्याला खड्डे, घाटात चढ, भार जास्त झाला तर कोण बघायला आलंय? शेवटी त्याच जुन्या टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून पेट्या त्याच्या टेम्पोत गेल्या, आणि टेम्पोच्या पुढं काकांची पिकअप चालली, रिकामी. वाट दाखवायला, असं त्यांचं म्हणणं. ज्या वाटेवर टेम्पोवाल्याचा जन्म गेला ती वाट. काकी दारात उभ्या राहून ती वरात बघत होत्या. मला म्हणाल्या, “मास्तर, आंब्याला गाडी घेतली होती हो. आता गाडीला आंबा दाखवतात तेवढाच.”

त्यातच एका वर्षी अधिक महिना आला. काका पंचांग घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात गेले आणि विचारलं, हा जो जादा महिना आला तो वॉरंटीत धरणार की नाही? तिथं काउंटरवर बसणारा तरुण कोल्हापूरकडचा होता. हातात टॅब, अंगात कंपनीचा शर्ट, बोलणं मात्र गावाकडचं. त्यानं टॅबवर पुष्कळ शोधलं आणि सांगितलं, “काका, सिस्टीममध्ये अधिक महिना येतच नाही ओ.”

“मग तुझ्या सिस्टीमला जावयाला वाण द्यायचं ठाऊक नसणार,” असं म्हणून काका उठले.

असं सगळं सोवळ्यात चाललेलं असताना गाडी विटाळली ती काकींच्या हातून. काका दाभोळला पाहुण्यांच्या लग्नाला गेलेले. बागेतल्या विहिरीचा कठडा ढासळला होता. काकींनी गावातल्या एका ड्रायव्हरला बोलावलं, चिरेखाणीवर गाडी पाठवली आणि जांभ्या दगडाचे चिरे मनसोक्त भरून बागेत आणले. गावाच्या वाटेवर मोठं टेकाड आहे, जातानाही चढ आणि येतानाही. त्या चढावर इंजिनातून पहिल्यांदा तो आवाज आला.

काकांना कळलं तेव्हा ते तीन पायऱ्या उतरून खाली बसले. “चिरे? माझ्या गाडीत चिरे?”

काकींनी पदर खोचला. “मग कशात आणायचे, टोपलीत? गाडी घेतली आहे की गौर बसवली आहे, ते एकदा सांगा. गौरसुद्धा तिसऱ्या दिवशी उठते.”

तेव्हापासून गाडीत भार असला आणि चढ लागला की तो आवाज यायचा, आणि आला की इंजिन बंद करेपर्यंत थांबायचा नाही. रिकामी असली की नाही. आवाज कसा, यावर आळीत दोन तट पडले. काका म्हणायचे, पिस्टनकडून येतो, कट्ट-कट्ट. काकी म्हणायच्या, जात्यात खडा गेल्यासारखा. समोरच्या आजोबांना त्यात आपल्या थोरल्या सुनेचं बोलणं ऐकू यायचं. मला विचाराल तर एखाद्या चिडक्या माणसानं बंद खोलीत खुर्ची आपटावी तसा होता तो. काकांना दुखणं काय आहे तेही ठाऊक होतं. बोटीवर असतं तर चहा गार व्हायच्या आत त्यांनी ते काढलं असतं. पण स्वतःचा हात म्हणजेही बाहेरच्या माणसाचाच हात, हे त्यांनी पुस्तिकेत नीट बघून ठेवलं होतं.

गाडी घेऊन ते सर्व्हिस सेंटरला गेले. मी साक्षीदार. कोल्हापूरच्या तरुणानं गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, “काका, गाडी तर एकदम निवांत हाय की. आवाज कुठं हाय?”

“भार टाकला की येतो.”

“मग भार टाकून आणा.”

“भार टाकून आणली की तू म्हणशील, भार टाकून बिघडवली.”

तरुणानं टॅब बाजूला ठेवला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. “तसं म्हणावं लागतंय ओ. पुस्तकात हाय.”

“आणि रिकामी आणली तर?”

“मग आवाजच नाही म्हणल्यावर ते वॉरंटीत बसत नाही.”

हे संभाषण त्या वर्षात इतक्या वेळा झालं की पुढंपुढं काका दारातून आत शिरले की तो “बसत नाही” एवढंच म्हणायचा आणि चहा मागवायचा. एकदा आम्ही आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून नेला. ऐकवला तर त्यात समुद्र होता, कावळे होते, अस्लमभाईचं खोकणं होतं, आणि सगळ्यांच्या वर काकींचा आवाज होता, की चहा निवला, आता काय गाडीला पाजू? इंजिन तेवढं नव्हतं. तरुणानं पुन्हा एकदा लावून ऐकलं आणि म्हणाला, “काकींचा आवाज क्लियर हाय.”

अशानं दिवस गेले आणि वॉरंटी संपत आली. गाडी शिमग्याच्या दिवसांत घेतलेली, त्यामुळे मुदतही शिमग्यातच संपणार. आता प्रश्न सरळ होता. मुदतीच्या आत त्या काउंटरवरच्या तरुणाच्या कानावर तो आवाज पडला तर इंजिनाचं काम कंपनीच्या माथी. नाही पडला तर सगळं काकांच्या माथी, तेही आंबा ऐन भरात आलेला असताना. आणि काकींनी तर देवासमोर बसून सांगितलं होतं, की या साली पेट्या या गाडीतून गेल्या नाहीत तर पुढच्या साली ही गाडी अंगणात नको, तिच्या जागी मी अबोली लावते. काका एरवी कोणाला भीत नसत. पण काकींनी अबोली लावायची म्हटली तर ती लागणार, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी काकांनी मला उठवलं. डोळे लाल. रात्रभर पुस्तिका वाचलेली. त्यांना तोड सापडली होती. भार टाकायचा, पण मर्यादेच्या आत, काट्यावर वजन करून, पावती घेऊन. मग कोण म्हणतो बिघडवली?

आम्ही गावी गेलो, चिरेखाणीवर गाडी लावली, चिरे भरले आणि वजनकाट्यावर चढवली. मी आत बसणार म्हणून माझ्या वजनाचे चिरे उतरवले. मग काकांची नजर माझ्या डब्याकडे गेली. काकींनी त्यात घावन आणि चटणी दिली होती. काकांनी आणखी एक चिरा काढला, कोयत्यानं त्याचा कोपरा तासला आणि उरलेला परत ठेवला. काट्यावाल्यानं पावती लिहून दिली खरी, पण ती देताना तो काकांपासून हातभर लांब उभा होता.

गावाच्या चढाला लागलो आणि आवाज आला.

काय आवाज होता तो! इतके दिवस जो चोरासारखा आत लपायचा तो आज छाती काढून बाहेर आला होता. डॅशबोर्ड थरथरत होता, माझ्या मांडीवरचा डबा नाचत होता, दोन्हीकडच्या काजूंच्या बागांतून पाखरं उडत होती. काकांच्या डोळ्यांत पाणी. इतक्या प्रेमानं मी त्यांना काकींकडेही बघताना पाहिलं नव्हतं. “ऐका मास्तर,” ते म्हणत होते, “ऐका, कसा बोलतोय. असाच बोल रे बाबा. महामार्गापर्यंत असाच बोल.”

आणि चढ संपला तिथं वळणावर ढोल ऐकू आले. समोरून पालखी.

शिमग्यात ग्रामदेवाची पालखी वाडीवाडीनं फिरते, घरोघर जाते, हे काय काकांना ठाऊक नव्हतं? पण वॉरंटीच्या नादात पालखी आज कुठल्या वाडीला आहे ते विचारायचं राहिलं. आणि पालखी समोर आल्यावर बाजूनं गाडी काढून जाणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. काकांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. चपला काढून खाली उतरले. काकींनी गाडीत कायमचा ठेवून दिलेला एक नारळ होता, तो घेऊन पुढं झाले.

पालखीबरोबर गावचे गुरव होते. सत्तरीचा माणूस, बारीक, पण गाऱ्हाणं घालायला लागला की आवाज डोंगरापलीकडे जायचा. नारळ हातात घेता घेता ते काकांना म्हणाले, “बोटवाल्यानू, गाडी लय खोकतेय. खालच्या वाडीपास्नं ऐकू येत व्हती.”

काकांचा चेहरा पडला. त्यांनी गुरवाला जरा बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, गाऱ्हाणं घाला, पण घरादाराचं घाला, बागेचं घाला. गाडीचं आज राहू दे.

गुरव थक्क झाले. “गाडी समोर उभी, खोकतेय, नि तिचं ऱ्हाऊ दे? देवाला काय वाटंल?”

काका सांगायला लागले, की आज संध्याकाळपर्यंत तिनं खोकणं फार गरजेचं आहे, त्याचं कसं आहे की वॉरंटी... पण तोवर ढोल थांबले होते, माणसं गोळा झाली होती, आणि गुरवांनी नारळ दोन्ही हातांत धरून डोळे मिटले होते. एकदा गुरवांनी डोळे मिटले की मग कोणाचं काही चालत नाही.

“बा देवा म्हाराजा! आज हे तुझं लेकरू, दर्यावर दूर देशी फिरून आलेलं, तुझ्या वाटंवर तुझ्यासमोर उभं ऱ्हायलंय, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” सगळा गाव.

“त्याच्या घरादाराला, बागबगीच्याला, कुत्र्यामांजराला सुखी ठेव, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ही जी त्याची गाडी, तिच्या पोटात जी काय इडा, जी काय पिडा, जो काय आवाज शिरला असंल, तो तू आजच्या आज काढून घे, आणि तुझ्या पायाशी गाडून टाक, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

आणि त्या सगळ्या आवाजांत सर्वांत मोठा आवाज माझ्या उजव्या कानाशी आला. इंजिनखोलीत कमावलेला तो गळा. काका हात जोडून, डोळे मिटून, पोटातून ओरडले होते. लहानपणापासून गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची सवय. तोंड कुठं विचारतं की कशाला म्हणतोयस? म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग त्यांना काय म्हटलं ते कळलं. तोंडावर हात गेला, पण आता त्याचा काय उपयोग. गावाची सही झाली होती आणि त्यावर काकांचा शिक्का.

मग पालखी नाचवली. बोटवाला बऱ्याच दिवसांनी आलाय म्हणून जरा जास्तच नाचवली. काकांच्याही खांद्यावर दिली. ते खांद्यावर देव घेऊन नाचत होते आणि मान वळवून वळवून गाडीकडे बघत होते. ऊन उतरायला लागलं तेव्हा पालखी पुढं सरकली.

काकांनी गाडी सुरू केली. इंजिन लागलं. मी माझ्या कानात बोट घालून हलवलं, कारण मला वाटलं मला ऐकू येईनासं झालं. इतकी ती गाडी मुकाट. दूध उतू जायच्या आधी कसं एक क्षण गप्प होतं, तसं ते इंजिन नुसतं गप्प. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला, गाडी चढावर मागं नेली, पुन्हा पुढं आणली. पुन्हा मागं. डॅशबोर्डवर थापट्या मारल्या. “बोल की रे,” म्हणाले. शेवटी तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हॉर्न वाजवला. तो तेवढा वाजला.

सर्व्हिस सेंटर बंद व्हायच्या आत आम्ही पोचलो. तरुण आज भला झाला होता. वजनाची पावती बघितली, भार मर्यादेत आहे हे मान्य केलं, स्वतः गाडीत बसला, महामार्गावरच्या चढाला चिऱ्यांसकट दोनदा नेऊन आणली. उतरला तो अगदी खुशीत.

“काका, लय भारी ठेवलीय गाडी. एवढा भार घेऊन आवाज म्हणून नाही. फीडबॅकला तेवढे पूर्ण स्टार द्या.”

काका खुर्चीत बसले. त्यांच्यातला सगळा समुद्र ओसरला होता. त्यांनी पाणी घेतलं आणि जे झालं ते त्याला पहिल्यापासून सांगितलं. आवाज होता, वाटेत पालखी भेटली, गुरवानं गाऱ्हाणं घातलं, देवानं आवाज काढून घेतला. मी साक्ष दिली.

तरुणानं सगळं नीट ऐकून घेतलं. देवाचं नाव निघालं तेव्हा हातसुद्धा जोडले. मग टॅब पुढं ओढला आणि म्हणाला, “म्हणजे बाहेरून काम करून घेतलंय की ओ. ते वॉरंटीत बसत नाही.”

संध्याकाळी मुदत संपली.

तुम्ही आता मांडवीला गेलात तर ती गाडी तुम्हाला दिसेल. नाही दिसली तर ऐकू येईल. तिच्या सीटवर प्लॅस्टिक नाही, तिचं तोंड समुद्राकडे असतं, मागच्या भागात कधी आंब्याच्या पेट्या, कधी चिरे, कधी सुकवलेले बोंबील, आणि हॉर्न असा वाजतो की काकांना आता ओरडायला सवड नाही. त्याच मोसमात पेट्या तिच्यातूनच गेल्या, काकी पुढं बसून गेल्या, अबोली कुंडीतच राहिली. बॉनेट उघडं आणि त्यात कोपरापर्यंत हात घातलेला अस्लमभाई, आणि त्याच्या शेजारी एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात हातोडा घेतलेले काका, असं चित्र मी नंतर कितीतरी सकाळी माडीवरून पाहिलं. अटलांटिकची गोष्ट खरी असावी, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. वॉरंटी गेल्यावर त्या माणसाचं वय दहा वर्षांनी उतरलं, हे मी कोणालाही लेखी द्यायला तयार आहे.

पण हे नंतरचं. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिरे परत उतरवायला म्हणून आम्ही गावी निघालो, आणि त्याच चढावर, त्याच काजूंच्या मधे तो आवाज पुन्हा आला. तसाच. छाती काढून. काकांनी गाडी थांबवली नाही, वळवली नाही. सरळ गुरवांच्या अंगणात नेऊन उभी केली आणि इंजिन चालूच ठेवलं.

गुरव ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

“ऐकताय?” काका म्हणाले. “काल देवाला आवाज काढून घे म्हणालात. आजच्या आज गाडून टाक म्हणालात. सगळा गाव व्हय म्हणाला. मग आज परत कसा आला?”

गुरवांनी गाडीकडे बघितलं. थोडा वेळ ऐकलं. मग अडकित्त्यातली सुपारी तोंडात टाकली.

“एका नारळात तेवढंच बसतं.”